आरोग्यसेवेतील माहितीशास्त्राचे शिक्षण : परिचर्या अभ्यासक्रमाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

भारतातील सार्वजनिक आरोग्यसेवेत संगणकीय नोंदींचा प्रवेश होऊन आता बराच काळ लोटला आहे. २००८ मध्ये आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीचे, म्हणजे एचएमआयएसचे, पोर्टल सुरू झाले. २००९ मध्ये गरोदर माता आणि बालके यांची नावनिशीवार नोंद ठेवणारी प्रणाली आली आणि पुढे तिची जागा आरसीएच पोर्टलने घेतली. क्षयरुग्णांच्या नोंदीसाठी २०१२ मध्ये निक्षय ही प्रणाली सुरू झाली. २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी प्रारंभ होऊन प्रत्येक नागरिकाला आरोग्यखाते क्रमांक देण्याचे धोरण अमलात येऊ लागले. या सर्व प्रणालींची उभारणी, त्यांवरील खर्च आणि त्यांची तांत्रिक क्षमता यांविषयी पुष्कळ लिहिले व बोलले जाते. तथापि या प्रणालींचा पाया ज्या एका कृतीवर उभा आहे, त्या कृतीकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. ती कृती म्हणजे उपकेंद्रातील आरोग्यसेविकेने, वॉर्डातील परिचारिकेने किंवा बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टरने केलेली नोंद होय.

ही नोंद करणाऱ्या व्यक्तीला नोंदीविषयी नेमके काय शिकविले जाते, हा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या कक्षेत येतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुख्यतः भारतीय परिचर्या परिषदेच्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमाच्या संदर्भात करण्यात आला आहे. आरोग्य माहितीशास्त्र हा विषय आपल्याकडे अभ्यासक्रमात दाखल झाला आहे, ही स्वागतार्ह घटना आहे. परंतु त्याची मांडणी अजूनही प्रामुख्याने यंत्र वापरण्याच्या अंगाने होते. नोंद वाचणे, तिच्यावर शंका घेणे आणि तिच्या आधारे कृती करणे, या गोष्टी त्यामुळे मागे पडतात, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

संज्ञेचा अर्थ

महाविद्यालयीन वर्तुळात ‘माहितीशास्त्र’ हा शब्द ‘ग्रंथालय व माहितीशास्त्र’ या जोडनावामुळे परिचित आहे. येथे तो हेल्थ इन्फर्मेटिक्स या विद्याशाखेसाठी योजला आहे. ही शाखा म्हणजे संगणकशास्त्र नव्हे, तसेच निव्वळ संख्याशास्त्रही नव्हे. परिचर्या माहितीशास्त्राची जी व्याख्या ग्रेव्हज आणि कोर्कोरन यांनी १९८९ मध्ये केली, तिच्या केंद्रस्थानी आधारसामग्री, माहिती आणि ज्ञान ही त्रयी आहे. या तीन पायऱ्यांमधील प्रवास कसा घडतो आणि त्याचा रुग्णसेवेला उपयोग कसा होतो, याचा अभ्यास म्हणजे माहितीशास्त्र.

एका उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. गरोदर स्त्रीच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ६.८ ग्रॅम आले, तर ‘६.८’ हा आकडा म्हणजे आधारसामग्री. ७ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे तीव्र रक्तक्षय, हे लक्षात येताच त्या आकड्याची माहिती होते. या स्त्रीची प्रसूती उपकेंद्रात न करता तिला रक्तपेढीची सोय असलेल्या रुग्णालयात वेळेवर पाठविले पाहिजे, हे समजणे म्हणजे ज्ञान. संगणकाच्या पडद्यावरील चौकट भरणे ही या प्रवासातील केवळ पहिली पायरी आहे. चौकट भरली गेली, अहवाल वेळेत पाठविला गेला, पोर्टलवर ‘पूर्ण’ असा शेरा आला आणि ती स्त्री मात्र घरीच राहिली, तर माहितीशास्त्राच्या दृष्टीने ते काम अपुरे राहिले असे म्हणावे लागेल. शिक्षणाचा भर पहिल्या पायरीवर की पुढील दोन पायऱ्यांवर, हा म्हणूनच केवळ पद्धतीचा प्रश्न राहत नाही. एखाद्या स्त्रीचे प्राण वाचण्याशी त्याचा थेट संबंध पोहोचतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

परिचर्येचा आणि आकडेशास्त्राचा संबंध संगणकामुळे निर्माण झाला, असा एक समज आढळतो. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. आधुनिक परिचर्या शिक्षणाची पायाभरणी करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल या स्वतः संख्याशास्त्राच्या जाणकार होत्या. क्रिमियन युद्धातील सैनिकांचे मृत्यू जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक झाले, हे त्यांनी १८५८ मध्ये आकृत्यांच्या साहाय्याने राज्यकर्त्यांपुढे मांडले. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेने त्यांना आपल्या सदस्यत्वाचा मान दिला. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात, म्हणजे त्यांची परस्परांशी तुलना करता येईल, ही त्यांची सूचना १८६० मध्ये लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेत चर्चिली गेली. सेंट थॉमस रुग्णालयातील परिचारिका प्रशिक्षण शाळाही त्याच वर्षी सुरू झाली. नोंद आणि शुश्रूषा ही दोन कामे नाइटिंगेल यांच्या विचारात परस्परांपासून वेगळी नव्हती, असे यावरून म्हणता येते.

वैद्यकाच्या क्षेत्रात हाच धागा अमेरिकेतील लॉरेन्स वीड यांनी पुढे नेला. १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखात वैद्यकीय नोंद ही केवळ साठवणुकीची वस्तू नसून ती डॉक्टरला मार्ग दाखविणारी व शिकविणारी असावी, असा आग्रह धरला आहे. रुग्णाच्या प्रत्येक समस्येखाली रुग्णाचे म्हणणे, तपासणीतील निरीक्षण, अनुमान आणि उपचाराची योजना या क्रमाने टिपण ठेवण्याची त्यांची पद्धत आजही जगभर वापरात आहे. या पद्धतीत नोंद करणाऱ्याला आपले अनुमान उघडपणे मांडावे लागते आणि पुढील व्यक्तीला ते तपासता येते. नोंद ही विचाराची शिस्त आहे, हा या पद्धतीचा खरा आशय होय.

आंतरराष्ट्रीय वैद्यकीय माहितीशास्त्र संघटनेने या विषयाच्या शिक्षणासंबंधी २००० मध्ये शिफारशी प्रसिद्ध केल्या आणि २०१० मध्ये त्या सुधारून पुन्हा मांडल्या. या शिफारशींतील एक भेद महत्त्वाचा आहे. माहितीशास्त्राचे विशेषज्ञ होणारे विद्यार्थी आणि आपल्या दैनंदिन कामात माहितीप्रणाली वापरणारे डॉक्टर, परिचारिका व अन्य आरोग्यसेवक, असे दोन वर्ग त्यांत कल्पिले आहेत. अमेरिकेत २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘टेन बाय टेन’ या उपक्रमाचे उद्दिष्ट २०१० पर्यंत दहा हजार आरोग्य-व्यावसायिकांना माहितीशास्त्राचे शिक्षण देण्याचे होते. तेथे २०११ मध्ये चिकित्सा माहितीशास्त्राला वैद्यकाची उपशाखा म्हणून मान्यता मिळाली आणि २०१३ मध्ये तिची पहिली परीक्षा झाली. विशेषज्ञांची सोय अशा रीतीने होत गेली. परंतु प्रणालीचा वापर करणाऱ्या बहुसंख्य सेवकांना किती व काय शिकवावे, हा प्रश्न सर्वत्रच अधिक अवघड ठरला आहे. भारतात तर तोच मुख्य प्रश्न आहे.

भारतीय अभ्यासक्रमाची चिकित्सा

बी.एस्सी. नर्सिंगच्या पूर्वीच्या अभ्यासक्रमात ‘संगणक परिचय’ असा विषय होता. २०२१ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या सुधारित अभ्यासक्रमात त्याच्या जागी ‘आरोग्य/परिचर्या माहितीशास्त्र व तंत्रज्ञान’ हा विषय आला. त्यासाठी दुसऱ्या सत्रात ४० तास व्याख्यानांचे आणि ४० तास प्रयोगशाळेचे ठेवण्यात आले. माहितीशास्त्राची तत्त्वे, आरोग्यसेवेतील माहितीप्रणाली, इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी, रुग्णसुरक्षा, निर्णयसाहाय्य, व्यवस्थापनातील माहितीचा उपयोग, माहितीविषयक कायदे आणि पुराव्यावर आधारित सेवा असे घटक त्यात आहेत. विषयाचे नाव बदलले, त्याचबरोबर त्याची व्याप्तीही वाढली. हा बदल घडवून आणणाऱ्यांना त्याचे श्रेय दिले पाहिजे.

तरीही या मांडणीत तीन उणिवा जाणवतात. पहिली उणीव क्रमाची आहे. अभ्यासक्रमाचा पहिला घटक संगणकाच्या उपयोजनांचा असून व्याख्यानांच्या ४० तासांपैकी सर्वांत मोठा वाटा, म्हणजे १० तास, त्यालाच मिळाला आहे. माहितीशास्त्राची तत्त्वे त्यानंतर येतात. विद्यार्थिनीच्या मनावर त्यामुळे पहिला ठसा उमटतो तो यंत्राचा. नोंद कशासाठी, हे समजण्यापूर्वी नोंद कोठे टंकित करावयाची हे ती शिकते.

दुसरी उणीव स्थानाची आहे. हा विषय दुसऱ्या सत्रात शिकविला जातो. सामुदायिक आरोग्य परिचर्या पाचव्या सत्रात, प्रसूतिपरिचर्या सहाव्या सत्रात आणि परिचर्या संशोधन व संख्याशास्त्र सातव्या सत्रात येते. गाव, उपकेंद्र, गरोदर मातांची नोंदवही यांचा सविस्तर परिचय होण्यापूर्वीच विद्यार्थिनीला माहितीप्रणाली शिकावी लागते. दर, गुणोत्तर, छेद, नमुना या संकल्पनांचा अभ्यास तर तिला माहितीशास्त्राची परीक्षा देऊन दोन वर्षे उलटल्यावर करावयाचा असतो. ज्या ज्ञानाच्या आधारे आकडे वाचता येतात ते ज्ञान आकडे भरण्याच्या शिक्षणापासून इतके दूर ठेवल्यास दोन्ही विषय दुबळे होणे अपरिहार्य आहे.

तिसरी उणीव मूल्यमापनाची आहे. व्याख्या, प्रकार, फायदे व तोटे यांवर आधारलेले प्रश्न विचारण्याची आपली परंपरा या विषयातही चालू राहण्याचा धोका आहे. ‘इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदीचे फायदे लिहा’ या प्रश्नाचे उत्तर पाठांतराने देता येते. समोर ठेवलेल्या नोंदीत काय चुकले आहे, हे ओळखणे पाठांतराने साधत नाही.

वैद्यकीय पदवीची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात प्रारंभीच्या १७५ तासांच्या पायाभूत अभ्यासवर्गापैकी ४० तास भाषा व संगणक कौशल्यांसाठी राखण्यात आले होते. संगणक येथे भाषेच्या शेजारी, सामान्य कौशल्य म्हणून आला, आणि संख्याशास्त्र पुढे सामुदायिक वैद्यकात स्वतंत्रपणे. दोहोंना जोडणारा दुवा विद्यार्थ्याने स्वतःच शोधावा, अशी अपेक्षा दिसते.

प्रत्यक्ष कामातील नोंद

अभ्यासक्रमातील या उणिवांचे परिणाम प्रत्यक्ष क्षेत्रात कसे दिसतात, हे काही परिचित उदाहरणांवरून समजू शकेल.

बालकाच्या जन्मवजनाची नोंद हे त्यांपैकी एक. २.५ किलोपेक्षा कमी वजनाचे बालक ‘कमी वजनाचे’ समजले जाते. भारतातील जन्मवजनाच्या नोंदी मांडून पाहिल्या असता नेमक्या २.५ किलो या आकड्यावर नोंदींची अस्वाभाविक गर्दी आढळते, ही बाब संशोधकांनी वारंवार निदर्शनास आणली आहे. निसर्ग असा एका आकड्यावर थांबत नाही. काटा जुना असणे, जवळच्या पूर्ण किंवा अर्ध्या आकड्याकडे वळण्याची सवय असणे, कमी वजन नोंदविल्यास कराव्या लागणाऱ्या पाठपुराव्याचा आणि द्याव्या लागणाऱ्या स्पष्टीकरणाचा ताण असणे, अशी अनेक कारणे यामागे संभवतात. परिणाम मात्र एकच. २.४ किलोचे जे बालक २.५ झाले, ते विशेष देखरेखीच्या यादीतून बाहेर पडले. रक्तदाबाच्या नोंदींत शून्याने संपणाऱ्या आकड्यांची जी रेलचेल दिसते, तिचीही कथा अशीच आहे. संगणक यातील कोणतीही नोंद नाकारत नाही, कारण १२०/८० हा आकडा त्याच्या दृष्टीने निर्दोष असतो.

दुसरे उदाहरण छेदाचे. लसीकरण किंवा प्रसूतिपूर्व तपासणी यांचे प्रमाण शंभर टक्क्यांहून अधिक दाखविणारे अहवाल आरोग्य खात्याशी संबंधित वाचकांना अपरिचित नाहीत. याचे कारण बहुधा छेदात असते. लाभार्थींची अपेक्षित संख्या जनगणनेवरून अंदाजाने ठरविली जाते. २०११ नंतरची जनगणना २०२१ मध्ये होऊ शकली नाही, त्यामुळे हा अंदाज वास्तवापासून दूर जात राहिला. शिवाय लोक स्थलांतर करतात. मराठवाड्यातील ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे हंगामात काही महिने गावाबाहेर असतात. त्यांच्या मूळ गावचे प्रमाण घसरते आणि कारखान्याच्या परिसरातील उपकेंद्राचे प्रमाण वाढते. ‘११२ टक्के’ या आकड्याला चूक म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. त्यात एखाद्या तांड्याचे स्थलांतर दडलेले असू शकते, हे ओळखण्यासाठी शिक्षण लागते.

तिसरे उदाहरण ओळखीचे. महाराष्ट्रात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची रीत आहे. नोंद सासरच्या उपकेंद्रात, प्रसूती माहेरच्या तालुक्यात आणि बाळाची लस पुन्हा सासरी, असा प्रवास घडतो. लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलते, काही कुटुंबांत नावही बदलते. मराठी नाव इंग्रजी अक्षरांत लिहिताना प्रत्येक नोंद करणाराची तऱ्हा निराळी असते. परिणामी एकाच स्त्रीच्या दोन नोंदी होतात किंवा दोघींची एक होते. क्रमांकाने ही अडचण काही अंशी दूर होईल, हे खरे. पण क्रमांक विचारण्याची, पडताळण्याची आणि जुनी नोंद शोधण्याची तसदी कोणी व का घ्यावी, हे सेविकेला पटलेले नसेल तर नवी नोंद सुरू करणे हाच सोपा मार्ग उरतो.

या तिन्ही उदाहरणांत दोष सेविकेच्या संगणकज्ञानाचा नाही. कळफलक, जोडणी, पासवर्ड यांचे प्रशिक्षण कितीही वेळा दिले तरी ही उणीव भरून निघणार नाही. वास्तविक आपण भरलेल्या आकड्याचे पुढे काय होते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. तिच्याकडून आकडे वर जातात, तिच्याकडे परत येतात ते प्रामुख्याने उद्दिष्टे आणि खुलासे. कागदी नोंदवही आणि पोर्टल अशी दुहेरी नोंद तिला करावी लागते, तेव्हा या कामाकडे ती सेवेपासून वेळ हिरावून घेणारा भार म्हणून पाहते. तिच्या दृष्टीने ते चुकीचेही म्हणता येणार नाही.

गडचिरोलीचा धडा

अल्पशिक्षित सेविकेकडून विश्लेषणाची अपेक्षा कशी करावी, असा आक्षेप या ठिकाणी घेतला जाईल. या आक्षेपाचे उत्तर महाराष्ट्रातच मिळते. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात घरोघरी नवजात बालसेवेचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ३९ गावांत गावातीलच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. त्या गावांतील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी सुमारे २५ पर्यंत खाली आला. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत तशी घट झाली नाही.

या प्रयोगाची चर्चा सामान्यतः बालआरोग्याच्या अंगाने होते. माहितीशास्त्राच्या अंगानेही तो तितकाच उद्बोधक आहे. या आरोग्यसेविका बालकाच्या घरी ठरावीक दिवशी जात, त्याचे वजन, तापमान, श्वसन, अंगावर पिणे, रडणे यांची छापील तक्त्यात नोंद करीत आणि त्या नोंदीच्या आधारे जंतुसंसर्गाची शक्यता ओळखून स्वतः उपचार सुरू करीत. नोंद करणारी आणि नोंदीवर कृती करणारी व्यक्ती येथे एकच होती. पुढे याच नोंदींच्या विश्लेषणातून सात चिन्हांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी आढळल्यास नवजात बालकात गंभीर जंतुसंसर्ग समजावा, असा सुलभ निकष तयार झाला व २००५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गावातील स्त्रीने कागदावर केलेली नोंद आधारसामग्रीपासून माहितीपर्यंत आणि तेथून ज्ञानापर्यंत पोहोचली आणि त्याच स्त्रीच्या हाती निकष म्हणून परत आली. संगणकाने यात मदत केली. आरंभ मात्र नोंदीचा अर्थ जाणणाऱ्या माणसापासून झाला.

याच संदर्भात ‘कोवळी पानगळ’ या अहवालाचा उल्लेख आवश्यक आहे. महाराष्ट्रातील बालमृत्यू अभ्यास व कृती गटाने २००१ मध्ये तो प्रसिद्ध केला. शासकीय नोंदींत दिसणारे बालमृत्यू आणि प्रत्यक्ष घडणारे बालमृत्यू यांतील प्रचंड तफावत त्याने लोकांसमोर आणली. मृत्यूची नोंद झाली नाही म्हणजे मृत्यू टळला असे होत नाही. केवळ त्याविषयी काही करण्याची जबाबदारी टळते. माहितीशास्त्राच्या कोणत्याही वर्गात या अहवालाची चर्चा पहिल्या आठवड्यात व्हावी, एवढे त्याचे शैक्षणिक मोल आहे.

गोपनीयतेचा प्रश्न

नोंद वाचण्याच्या शिक्षणात ती कोणी वाचू नये, हेही अंतर्भूत आहे. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आणि २०१७ चा एचआयव्ही व एड्सविषयक कायदा अशा नोंदींच्या गुप्ततेचे बंधन घालतात. २०१७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा अधिकार मूलभूत असल्याचा निर्णय दिला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला. दुसरीकडे, गरोदर मातांच्या यादीचे छायाचित्र काढून ते व्हॉट्सॲप गटावर टाकणे, एकच पासवर्ड सर्वांनी वापरणे, या गोष्टी कामाची सोय म्हणून केल्या जातात. असे करणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे नाही. कायद्याचे कलम माहीत असणे आणि आपल्या हातातील यादी म्हणजे कोणा स्त्रीचे खासगी आयुष्य आहे याची जाणीव असणे, यांत अंतर आहे. बी.एस्सी. अभ्यासक्रमात कायदे व नियमन या घटकाला ४ तास व्याख्यानांचे आहेत. कलमे सांगण्यास ते पुरतील. ही जाणीव मात्र वॉर्डातील आणि गावातील प्रात्यक्षिकांतूनच घडावी लागेल.

संभाव्य आक्षेप

या प्रतिपादनावर दोन आक्षेप गंभीरपणे विचारात घ्यावे लागतात. ग्रामीण भागातून आलेल्या अनेक विद्यार्थिनींना महाविद्यालयात येईपर्यंत संगणक हाताळावयास मिळालेला नसतो. त्यांना प्रथम यंत्राचीच ओळख करून देणे भाग आहे, हा पहिला आक्षेप. तो वस्तुस्थितीला धरून आहे. परंतु यंत्राची ओळख जन्मवजनाच्या नोंदी मांडताना करून देता येते. तक्ता तयार करणे हे कौशल्य काल्पनिक गुणपत्रिकेवर शिकविण्याऐवजी नोंदवहीच्या पानावर शिकविल्यास वेळ वाढत नाही, अर्थ मात्र वाढतो.

दुसरा आक्षेप कामाच्या विभागणीचा आहे. विश्लेषण हे तालुका व जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांचे काम असून सेविकेने अचूक नोंद करावी एवढे पुरे, असे म्हटले जाते. मात्र नोंदीचा उपयोग ठाऊक नसलेल्या व्यक्तीकडून अचूकतेची अपेक्षा दीर्घकाळ पूर्ण होत नाही, हे २.५ किलोच्या उदाहरणाने दाखविले आहे. शिवाय जिल्ह्याच्या आकड्यात एक तीव्र रक्तक्षयाची स्त्री दिसत नाही. ती दिसते फक्त उपकेंद्राच्या नोंदवहीत.

काही सूचना

वरील विवेचनाच्या आधारे अभ्यासक्रम बदलण्याची वाट न पाहता महाविद्यालयांना आपल्या पातळीवर करता येण्याजोग्या काही गोष्टी सुचविता येतात.

१. प्रात्यक्षिकांचा प्रारंभ नावे झाकलेल्या खऱ्या नोंदवहीच्या पानांपासून करावा. जन्मवजनाच्या शंभर नोंदींतील शेवटचा अंक किती वेळा शून्य व पाच आला, हे विद्यार्थिनींनी मोजावे आणि त्याची कारणे शोधावीत.

२. एका नोंदीचा माग काढण्याचे काम प्रत्येक विद्यार्थिनीला द्यावे. रुग्णाच्या खाटेपासून किंवा घरापासून ती नोंद मासिक अहवालापर्यंत कशी पोहोचते, वाटेत काय गळते आणि काय परत येते, याचे टिपण तिने लिहावे.

३. दुसऱ्या सत्रातील माहितीशास्त्र आणि सातव्या सत्रातील संख्याशास्त्र यांचे अध्यापन करणाऱ्या शिक्षकांनी एकत्रित उदाहरणसंग्रह तयार करावा. सामुदायिक आरोग्याच्या क्षेत्रभेटीत त्याच उदाहरणांकडे पुन्हा वळावे.

४. अंतर्गत मूल्यमापनात किमान एक प्रश्न सदोष अहवाल देऊन त्यातील विसंगती ओळखण्याचा असावा.

५. हा विषय केवळ संगणक शिक्षकाकडे सोपविला गेल्यास त्याचे रूप यंत्रशिक्षणाचे होते. केवळ परिचर्या शिक्षकाकडे आल्यास तो टिपांपुरता उरतो. दोघांनी मिळून शिकविणे हा व्यवहार्य मार्ग आहे. बहुविद्याशाखीय महाविद्यालयांत संख्याशास्त्र व समाजशास्त्र विभागांचे साहाय्यही घेता येईल.

समारोप

आरोग्यसेवेत आता निर्णयसाहाय्य करणाऱ्या आणि स्वतः अनुमान काढणाऱ्या प्रणाली येत आहेत. या प्रणाली ज्या नोंदींवरून शिकतात त्या नोंदी उपकेंद्रात आणि वॉर्डातच तयार होतात. २.५ किलोवर जमलेली गर्दी अशा प्रणालीला निसर्गाचा नियम वाटेल आणि पुढील बालकाविषयी ती तसाच निष्कर्ष काढील. ही चूक अशा प्रणालीच्या आधी लक्षात येण्याची शक्यता सर्वाधिक कोणाची असेल, तर ती बालकाला स्वतः काट्यावर ठेवणाऱ्या परिचारिकेची.

म्हणून आरोग्य-व्यावसायिकांच्या माहितीशास्त्रीय शिक्षणाचे यश किती संगणक बसविले किंवा किती जणांना प्रशिक्षित केले यावर मोजणे अपुरे ठरेल. प्रशिक्षण घेतलेली परिचारिका आपल्याच नोंदवहीचे पान उलटून ‘हा आकडा असा का?’ असे विचारते किंवा नाही, आणि ६.८ हा आकडा लिहून झाल्यावर त्या स्त्रीच्या घरी जाते किंवा नाही, हीच त्याची खरी कसोटी होय. सध्याचा अभ्यासक्रम या कसोटीच्या दिशेने एक पाऊल पुढे आला आहे. पुढचे पाऊल मात्र वर्गात शिकविणाऱ्या अध्यापकांनाच उचलावे लागेल.